लग्नाआधीचा रिपोर्ट

त्याने टेस्ट करून घ्यावी म्हणून मी दोन महिने त्याच्या मागे लागलो होतो. शेवटी तो तयार झाला, तो मी त्याच्याशी खोटं बोललो म्हणून.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वाशीपर्यंत लोकल येऊन काही वर्षं झाली होती, पनवेलची अजून यायची होती. मी कोपरखैरण्यात माथाडी कामगारांच्या वसाहतीत आईवडिलांबरोबर राहायचो. वडील साताऱ्याकडून आलेले. मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलून त्यांच्या मानेवर घट्टे पडले होते. मी बी.एस्सी. होऊन पावण्याच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो याचा त्यांना फार अभिमान होता. सुट्टीच्या दिवशी, आणि पहिली पाळी असली की संध्याकाळी, मी मुंबईतल्या एका लहानशा संस्थेचं काम करायचो. घरी सांगितलं होतं की पोरांना सायन्स शिकवायला जातो.

काम असं होतं. पुरुष जिथे पुरुषांना भेटायला येतात तिथे जायचं, ओळख काढायची, कंडोम द्यायचे, ते कसे वापरायचे ते न लाजता सांगायचं, आणि जो ऐकेल त्याला मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात एचआयव्हीच्या टेस्टला घेऊन जायचं. मला हे काम मिळालं ते मी त्यांच्यातलाच होतो म्हणून. ही गोष्ट संस्थेतल्या चार माणसांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

वाशीच्या खाडीकाठची बाग आणि मार्केटजवळचं ट्रक टर्मिनल या माझ्या वाटणीच्या जागा. येणारे बहुतेक विशीतले. कोणी कॉलेजात, कोणी कारखान्यात हेल्पर, कोणी बँकेत क्लार्क. काहींची लग्नं झालेली, बाकीच्यांची घरात बोलणी चाललेली. 'गे' हा शब्द इंग्रजी पेपर वाचणाऱ्या एखाद्यालाच माहीत असायचा. बाकीचे स्वतःला काहीच म्हणायचे नाहीत, आपण जे करतो त्याला 'मस्ती' म्हणायचे. आणि त्या सगळ्यांना एकच गोष्ट पटवणं मला जड जायचं, की एड्स आपल्यालाही होऊ शकतो. तेव्हा भिंतीभिंतींवर एड्सची चित्रं रंगवलेली असायची आणि प्रत्येक चित्रात दारात उभी असलेली, ओठ रंगवलेली एक बाई असायची. पोरं मला सरळ म्हणायची की आम्ही तर असल्या बाईच्या सावलीलाही जात नाही, मग आम्हाला काय होणार?

तोही पहिल्यांदा हेच म्हणाला होता.

तो टेम्पो चालवायचा. पावण्याच्या जवळच्याच एका जुन्या आगरी गावातला, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा. त्यांची भातशेती शहर वसवायला गेली होती. जमिनीच्या मिळालेल्या पैशातून थोरल्या भावाने खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि याला टेम्पो घेऊन दिला. आमच्या कारखान्यातले रंगाचे ड्रम तोच न्यायचा, त्यामुळे गेटवर आम्हाला रोज एकमेकांचं तोंड दिसायचं. एका रविवारी दुपारी बागेत मी दोन पोरांशी बोलत होतो आणि समोरून तो आला. मी त्याला ओळखलं, त्याने मला. दोघांचेही पाय तिथेच थांबले. मी इथे का आलो हे त्याला कळलं होतं, आणि तो का आला हे मला. उद्या कारखान्यात तो काय बोलेल, हाच विचार माझ्या मनात आला.

मी पळालो नाही. पिशवीतून एक पत्रक काढून त्याच्या हातात दिलं आणि शिकवल्यासारखं सगळं सांगायला लागलो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला की तू तर एकदम मास्तर हायस. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायला लागला. कारखान्यात मात्र तो अवाक्षर बोलला नाही.

पुढे महिनाभराने एका बुधवारी, चांगला उजेड असताना, बागेत एका हवालदाराने मला धरलं. पिशवी उघडायला लावली. आत साठ-सत्तर कंडोम होते. एवढे कशाला लागतात, असं त्याने विचारलं. तेव्हा पोलिस कंडोमची पाकिटंच पुरावा म्हणून धरायचे. आमचं वागणंच कायद्याने गुन्हा होतं, त्यामुळे उलटून काही बोलायची सोय नव्हती. मला त्याची भीती कमी होती. भीती होती ती खिशातल्या डायरीची. तिच्यात नावं नव्हती, नुसत्या खुणा होत्या, पण काही पोरांनी शेजारच्यांचे फोन नंबर दिले होते. हवालदाराने डायरी काढून घेतली आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायला लागला.

आजूबाजूची पोरं केव्हाच पसार झाली होती. तो मात्र बाकावर बसलेला होता. तो उठला आणि सरळ आमच्याकडे आला. हवालदार त्याच्या भावाला ओळखत होता. त्याने हवालदाराला सांगितलं की हा फॅमिली प्लॅनिंगवाला आहे, आमच्या गावात येऊन हेच सामान वाटतो, त्या डायरीत बायकांच्या पाळ्यांचा हिशेब आहे. हवालदाराने डायरी अशी परत दिली की जणू त्याच्या हाताला काहीतरी लागलं होतं. आम्ही गेटपर्यंत चालत आलो. तो पुन्हा पुन्हा हसत होता.

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. मैत्रीच. त्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं, हे पुढे कामाला आलं.

फेब्रुवारीत त्याचा साखरपुडा झाला. लहानपणीच आई गेली होती, त्याला थोरल्या वहिनीने वाढवलं होतं. मुलगी त्या वहिनीच्याच माहेरची, तिच्या चुलत्याची लेक, नावडे गावची. लग्न मेमध्ये होतं. लग्नाआधी एकदा टेस्ट करून घे, असा मी धोशा लावला. आज जाऊ, उद्या जाऊ करत तो टाळत राहिला. एप्रिलमध्ये एक दिवस टेम्पोच्या केबिनमध्ये बसलो असताना त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तू केलीस काय तुजी?"

"केली," मी म्हणालो. "निगेटिव्ह आली."

मी केली नव्हती. दोन वर्षं मी लोकांना त्या हॉस्पिटलात नेत होतो आणि दर वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहत होतो. सुई टोचून घ्यायला फार तर एक मिनिट लागलं असतं. माझंही या कामात येण्याआधीचं आयुष्य होतं आणि त्यात मी काही सांभाळून वागलो नव्हतो. रात्रपाळीत एखादा खोकला दोन आठवडे टिकला तरी माझी झोप उडायची. पण टेस्ट केली नाही तोवर काही झालेलं नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो. माझ्याकडे येणारी पोरं हेच म्हणायची तेव्हा मी त्यांना अर्धा अर्धा तास समजावायचो.

माझं उत्तर ऐकून तो म्हणाला की चल मग, तुला काय नाय झाला तर मना काय होतंय. दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याने रक्त दिलं.

आठवड्याने रिपोर्ट घ्यायला गेलो. तिथे सल्ला द्यायला आमच्या संस्थेच्या एक मॅडम बसायच्या. पन्नाशीच्या, आधी नर्स होत्या. त्यांनी त्याला आत बोलावलं तेव्हा तो म्हणाला की मास्तरला पण येऊ दे. मॅडमनी दार लावून घेतलं आणि तेवढ्यावरूनच मला कळलं. निगेटिव्ह असेल तर त्या दार लावायच्या आधीच सांगून टाकायच्या.

त्यांनी आडवळण घेतलं नाही. रक्तात विषाणू सापडलाय, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलंय, म्हणजे चूक नाही, असं सांगितलं. पुढे बराच वेळ त्या बोलत होत्या. अनेक वर्षं काहीच त्रास होत नाही, टीबीपासून जपायचं, दारू बंद करायची. परदेशात औषधं निघाली आहेत, पण आपल्यासारख्यांना ती परवडायची नाहीत, हेही सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला. किती दिवस? मॅडम म्हणाल्या की ते कोणालाच सांगता येत नाही.

परत येताना खाडीपुलाच्या अलीकडे त्याने टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. समोर बघतच म्हणाला, "पत्रिका छापल्यात. लगीन एकवीस दिवसांवर हाय."

लग्न पुढे ढकल, असं मी म्हणालो. काय कारण सांगू, असं त्याने विचारलं. मग त्याने माझंच शिकवलेलं माझ्यापुढे ठेवलं. कंडोम वापरला तर बायकोला होत नाही, हे तूच सांगितलंस ना, मग मी रोज वापरेन. मी विचारलं की वर्षभराने घरचे मूल का नाही म्हणायला लागले की काय करशील? आणि त्या मुलीला तू विचारणार नाहीस का, तिला हे चालेल का?

तो एकदम माझ्याकडे वळला. "ऐक. तू नावड्याला एक शब्द जरी बोललास ना, तर मी तुज्या घरी येऊन तुज्या बापाला सांगीन तू कोन हाय ते."

एवढं बोलून त्याने टेम्पो चालू केला. कोपरखैरण्यात मी उतरताना त्याने निरोपही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मॅडमकडे गेलो. मला वाटत होतं, त्या मुलीच्या घरी एक निनावी चिठ्ठी टाकून मोकळं व्हावं. मॅडमनी ते साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं असं, की आपण गुपित फोडलं तर उद्या एकही मुलगा रिपोर्ट घ्यायला यायचा नाही, आणि ज्यांना होऊ शकतं ते अंधारातच राहतील. पण गप्प बसायचंही नाही. त्याच्याकडे रोज जायचं, तो शिव्या घालेल तरी जायचं. सांगायचं त्यानेच, आपण बाजूला उभं राहायचं. मी विचारलं की त्याने नाहीच सांगितलं तर? मॅडम म्हणाल्या, "तर ते मला आयुष्यभर खात राहील. आणि तुलाही."

मग त्यांनी विचारलं की इतके महिने नाही म्हणणारा माणूस तयार कसा झाला. मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत, पण उद्यापासून बागेत जाऊ नकोस, म्हणाल्या. आधी त्याला खरं सांग.

रिपोर्टनंतर सहा दिवस तो मला चुकवत राहिला. ड्रम भरायला तो क्लीनरला पाठवायचा आणि स्वतः नाक्यावर थांबायचा. सातव्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत नाक्यावर गेलो आणि तो नको म्हणत असताना केबिनमध्ये चढून बसलो. लग्नाला चौदा दिवस राहिले होते. मी सांगून टाकलं की माझी टेस्ट झालेली नाही, मी खोटं बोललो.

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याने माझी कॉलर धरली. मारेल असं मला वाटलं आणि त्याने मारावं असंही वाटलं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता.

"मना पुढं ढकललास आनि तू मागं थांबलास?"

त्याने कॉलर सोडली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. कारखान्याचा भोंगा झाला तरी मी उतरलो नाही. शेवटी तो म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता. मी नेतो तुला."

त्याने मला नेलं. मी आत गेलो आणि तो बाहेरच्या त्याच बाकावर बसला. सुई टोचताना मी भिंतीकडे बघत होतो. परत येताना तो एवढंच म्हणाला की आता आठ दिवस तू पन बघ.

ते आठ दिवस मी विसरलेलो नाही. मी दिवसातून दहा वेळा मानेवर गाठ आली का ते चाचपायचो. लॅबमध्ये रंगाचं सॅम्पल तीन वेळा चुकवलं आणि साहेबाने झापलं. त्याच आठवड्यात आईने कोरेगावकडच्या एका मुलीचा फोटो आणला आणि जेवताना ताटाजवळ ठेवला. "आरं, एकदा बघ तरी," ती म्हणाली. मी फोटो उलटा करून ठेवला. तिला वाटलं मी लाजलो. ती हसली आणि मला आणखी एक भाकरी वाढली. उद्या रिपोर्ट वाईट आला आणि समोर हे ताट, हा फोटो आणि ही हसणारी आई असेल, तर मी खरं बोलेन का? मी प्रामाणिकपणे विचार केला आणि माझी खात्री झाली नाही. तोवर मनात कुठेतरी मी त्याच्यापेक्षा बरा माणूस आहे असं धरून होतो. ते त्या जेवणात संपलं.

रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी दार लावलं नाही. "निगेटिव्ह," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "तीन महिन्यांनी परत करायची." मी बाहेर आलो तर तो उभा होता. मी सांगितलं. तो मटकन बाकावर बसला. मला आनंद झाला असेल, पण तो दाखवायला जागा नव्हती. मी त्याच्या शेजारी बसलो. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी ट्रॉली ढकलत गेला.

टेम्पोत बसल्यावर, वाशी जवळ आली तेव्हा तो बोलला. "मना वाटत होता तुजी पन पाझिटिव यावी. आठ दिवस देवाला तेच मागत होतो. एकटा नको म्हनून."

आणखी एक सिग्नल गेला. मग तो म्हणाला, "त्या पोरीचा पन मी असाच करनार होतो."

लग्नाला सहा दिवस राहिले होते. तो म्हणाला, आत्ताच चल, घरी गेलो की माझी हिंमत जाईल. दुपारचे दोन वाजले होते. भाऊ पनवेल, खांदेश्वरकडच्या पाहुण्यांना आमंत्रणं द्यायला गेला होता. वहिनी ओटीवर एकटी बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती. चाळिशीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. मी कारखान्यातला, असं त्याने सांगितलं. तिने आतून पाणी आणून दिलं आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी उभाच होतो. "वयनी, मना एड्सची बिमारी लागली," तो म्हणाला. "रक्त तपासला."

तिचे हात थांबले. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मस्करी करतोय का ते बघण्यासाठी. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "कनच्या बाईकडं गेलतास?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आता एक खोटं फार सोपं होतं. बाई म्हणाला असता तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि नंतर समजून घेतलं असतं. पोरं बहकतात, हे गावाला माहीत होतं. त्याने खाली मान घातली आणि बराच वेळ तांदळातला एक खडा बोटाने इकडून तिकडे करत राहिला.

"बाई नाय, वयनी," तो म्हणाला.

मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिची नजर त्याच्यावरून उठून माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. तिच्या शेजारी विळी होती. तिने तिला हात लावला नाही, पण मला ती दिसत होती.

"तू हायस काय तो?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आलं असतं. "पण मी पण तसाच आहे, वहिनी."

असं मी कोणाच्याही घरात उभं राहून पहिल्यांदाच म्हणालो होतो. माझ्या स्वतःच्या घरात तोवर म्हटलेलं नव्हतं.

ती उठली. ओटीचं दार आतून लावून घेतलं आणि त्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, माणसं जमणार. तिने पदराने तोंड पुसलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. अजून कोणाला माहीत आहे? भावाला? नावड्याला? मी सांगितलं की आम्ही दोघं आणि हॉस्पिटलातल्या मॅडम, बाकी कोणालाच नाही. लग्न झालं तर पोरीला होईल का? मी म्हणालो, होऊ शकतं. आणि पुढे तिच्या मुलालाही. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीत जोरात दोन धपाटे घातले, लहान पोराला घालतात तसे. मग तिथेच खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडायला लागला. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

जाताना तिने मला सांगितलं की भावाला यातलं काही कळायला नको, तो सहन करणार नाही. लग्नाचं मी बघते.

ती काय करणार, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मध्ये एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी तिचे माहेरचे लोक मानपानाचं शेवटचं बोलायला आले. पुढचं मला त्याने सांगितलं. चुलत्याने साड्यांचं बोचकं सोडलं आणि वहिनीने पहिलीच साडी उचलून परत फेकली. माझ्या सासरच्या बायकांना असली लुगडी, आम्ही काय भिकारी आहोत का, असं सुरू केलं. चुलत्याने आधी हसण्यावारी नेलं, मग बदलून देतो म्हणाला, मग हात जोडले. ती थांबली नाही. तिने त्यांची गरिबी काढली, पोरीचा रंग काढला, मेलेल्या चुलतीचं काहीतरी जुनं काढलं. ज्या गोष्टी बोलल्यावर परत घेता येत नाहीत त्या सगळ्या ती एकेक करून बोलली. तासाभरात तिचा चुलता बोचकं उचलून निघून गेला आणि लग्न मोडलं. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. तो म्हणाला, इतक्या वर्षांत मी तुला ओळखलंच नाही.

गावाने दोष तिलाच दिला. मानपानासाठी दिराचं लग्न मोडणारी बाई, असं तिच्या तोंडावर बोलायचे. माहेर तुटलं. तिचा सख्खा भाऊही भाऊबीजेला यायचा बंद झाला. ज्या मुलीला तिने वाचवलं, तिच्या घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही.

तो साडेतीन वर्षं जगला. पहिली दोन चांगली गेली. तो टेम्पो चालवत होता आणि रविवारी माझ्याबरोबर बागेत यायचा. मॅडमनी मला परत कामावर घेतलं होतं. मी बोलायचो आणि तो बाकावर बसून ऐकायचा. एखादा पोरगा 'बाईकडे जात नाही, मला काय होणार' म्हणाला की तो मध्येच म्हणायचा की मी पन हेच बोललो होतो. पुढचं फारसं सांगायचा नाही. पण त्या वाक्यानंतर पोरं गप्प व्हायची. त्याच्या शब्दावर टेस्टला आलेली पोरं माझ्या शब्दावर आलेल्यांपेक्षा जास्त असतील.

मग टीबी झाला, बरा झाला, पुन्हा झाला. एका खासगी दवाखान्यात त्याला कॉटवरून उठवून बाहेर घालवलं. वहिनीने त्याला रिक्षात घालून मुंबईला मॅडमकडे नेलं. सुरुवातीला ती त्याचं ताट वेगळं ठेवायची. मी एकदा भीत भीत सांगितलं की ताटावाटीतून काही होत नाही. तिने उलट प्रश्न विचारला नाही, पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा सगळी ताटं एकत्र घासायला पडलेली होती. भावाला शेवटपर्यंत टीबी एवढंच माहीत होतं. निदान तो तसं दाखवायचा.

त्याच्या दहाव्याला तिचे माहेरचे लोक आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ती मुलगीही आली होती, कडेवर सहा महिन्यांचं मूल, बरोबर नवरा. मी ओटीच्या कोपऱ्यात खुर्च्या लावत होतो. वहिनी तिला जवळ घ्यायला पुढे झाली तर ती मागे सरकली. म्हणाली, "ताय, तू लगीन मोडलास, मंग दोन वर्षं मना बघायला कोन आला नाय. सगली बोलायची, पोरीतच काय खोट असंल."

वहिनीने कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. चांगलं गुटगुटीत होतं, तिच्या बांगड्यांकडे हात करत होतं.

"चुकला माजा," वहिनी म्हणाली. "पोरी, चुकला."

मुलगी रडली. मग दोघी मागे स्वयंपाकाकडे गेल्या. मी तिथेच उभा होतो आणि माझ्या तोंडात सगळं आलं होतं. मी ते गिळलं. सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्या घरात एकाच माणसाला होता, आणि तिने ठरवलं होतं.

संध्याकाळी निघालो तेव्हा वहिनी मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आली. वाटेत गावातल्या बायका ओट्यांवरून तिच्याकडे बघत होत्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. स्टॉपवर तिने विचारलं, "तुज्या आयला सांगितलास काय?"

मी नाही म्हणालो.

"नको सांगू, जमत नसंल तर," ती म्हणाली. "पन लगीन करू नको."

मी करणार नाही, असं तिला सांगितलं. बस आली. मी चढलो, मागची सीट मिळाली. बस वळेपर्यंत ती तिथेच उभी होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून.